एकवीस वर्षांचे वडील

नकार पचवण्याची जागतिक स्पर्धा भरली तर तिचा पहिला नंबर मुलुंड पूर्वेत, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये येणार याबद्दल मला शंका नाही. आणि दुसरा नंबर आलेल्याची समजूत काढायलाही तोच धावत जाईल. दारातून 'नको' म्हणून परत पाठवलं की माणसाचा चेहरा उतरतो. या मुलाचा उजळायचा. 'ओके, थँक्यू, उद्या येऊ का?' असं तो इतक्या आनंदाने विचारायचा की नको म्हणणाराच ओशाळा व्हायचा आणि दार लावून घेतल्यावर बायकोवर उगाच चिडायचा.

तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होता. घर राजमहेंद्रीला, मातृभाषा तेलुगू, वय एकवीस, मिशी अजून विचाराधीन. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि खिशावर एक काळी पट्टी, जिच्यावर आडनावाआधी 'एल्डर' असं लिहिलेलं. माझी आई मूळची वेंगुर्ल्याकडची, मुंबईत पन्नास-पंचावन्न वर्षं काढूनही मालवणी सोडून सगळ्या भाषांना पाहुण्या समजणारी. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं की हे एल्डर म्हणजे काय. मी म्हटलं, वडीलधारा माणूस. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तेव्हापासून आमच्या घरात तो 'वडील' झाला. बेल वाजली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "बघ रे, वडील इले."

वडील कधी एकटे येत नसत. एकट्याने कुठेही फिरायचं नाही, जोडीनेच राहायचं, असा त्यांच्याकडे नियम. त्यांचा जोडीदार छत्तीसगडचा, ताडमाड उंच आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी. वडील आमच्या माळ्यावरचा पितळी टोप काढायला स्टुलावर चढले की जोडीदार खाली उभा राहून छताकडे बघत असे. वडील केस कापायला बसले की तो बाजूच्या खुर्चीत बसे, आणि न्हाव्याने आग्रह केला म्हणून बिचाऱ्याने एकदा गरज नसताना स्वतःचेही केस कापून घेतले. दर सोमवारी त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा दिवस. त्या दिवशी समोरच्या गॅलरीत इतके पांढरे शर्ट फडफडत असत, की खालून जाणाऱ्याला वर एखाद्या पक्षाचा मेळावा भरलाय असं वाटावं. आणि त्या शर्टांच्या आडून वडील आपल्या आईशी तेलुगूत इतक्या मोठ्याने बोलत, की फोन नसता तरी चाललं असतं.

चहा ते घेत नसत. कॉफीही नाही. धर्मात बसत नाही म्हणे. आमच्या आईला हा धक्का फार मोठा होता. सिगरेट, दारू, मटण, काहीही सोडणारी माणसं तिने पाहिली होती. "चाय पिणत नाय, मगे सकाळी उठतत कशे?" असं ती मला दोन दिवस विचारत होती. मग तिने सोलकढीचा पेला पुढे केला. वडिलांनी जोडीदाराकडे पाहिलं, जोडीदाराने पेल्याकडे पाहिलं, दोघांनी आपसात हलक्या आवाजात धर्मचर्चा केली आणि सोलकढी निर्दोष सुटली. त्यानंतर मात्र आमच्या घरातली आमसुलं कधी पुरली नाहीत.

आणि धर्माबद्दल हा मुलगा एक अक्षर बोलत नसे. कोणी आपणहून विचारल्याशिवाय विषय काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. आमच्या इमारतीत लोकांनी त्याला सगळं विचारलं: पगार किती, लग्न कधी, राजमहेंद्रीला फ्लॅटचा भाव काय. पगार मुळीच नाही, दोन वर्षं घरच्या खर्चाने सेवा करायची, हे कळल्यावर तर सगळ्यांना त्याच्या धर्माऐवजी त्याच्या डोक्याचीच काळजी वाटायला लागली. पण देवाबद्दल कोणी विचारलं नाही. मग वडील सेवेच्या मागे लागले. कोणाला काही मदत हवी आहे का, हे विचारत ते मजल्यामागून मजले चढत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातातली भाजीची पिशवी त्यांनी इतक्या तत्परतेने घेतली, की बाईंनी 'चोर, चोर' म्हणून जिना डोक्यावर घेतला. सेक्रेटरींची स्कूटर त्यांनी न सांगता धुतली, आणि दसऱ्याला पुढच्या मडगार्डावर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही मळ समजून घासून काढलं.

हे सेक्रेटरी म्हणजे आमच्या सोसायटीचे सर्वेसर्वा. सरकारी भाषांतर खात्यातून निवृत्त झालेले, जन्म पार्ल्यातला, आणि ही दुसरी गोष्ट ते पहिलीपेक्षा जास्त वेळा सांगत. या पोरांना फ्लॅट भाड्याने देऊ नये म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये तासभर भाषण केलं होतं. हे लोक गोड बोलून बाटवतात, असं त्यांचं म्हणणं. स्वस्तिक पुसलं गेल्यावर तर त्यांना पुरावाच मिळाला. ते वडिलांशी बोलत नसत. वडील मात्र रोज सकाळी त्यांना 'गुड मॉर्निंग सर' म्हणत आणि उत्तर आलं नाही की जास्त जोरात म्हणत.

मी सांगतोय तो आठवडा सुरू झाला एका वाईट रविवारी. वडिलांनी त्यांच्या प्रार्थनेच्या सभेत पहिल्यांदाच मराठीत चार वाक्यं बोलायचं धाडस केलं होतं. त्यांना म्हणायचं होतं, देव कोणालाही विसरत नाही. ते उभे राहिले आणि छाती भरून म्हणाले, "देव कोणालाही विचारत नाही." जोडीदाराने नंतर मला सांगितलं की मागे बसलेले एक आजोबा 'ते तर खरंच' असं म्हणाले. त्यांच्या वरिष्ठांनी वडिलांना बाजूला घेऊन समजावलं की पुढच्या रविवारी 'सेवा' या विषयावर तुझं भाषण आहे, ते तू इंग्रजीत कर. मराठी जमत नसेल तर तुला हैदराबादकडे पाठवू, तिथे तुझी भाषा चालेल. एवढ्या सोयीच्या गोष्टीने कोणीही खूश झाला असता. वडिलांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की भाषण मराठीतच करणार.

मंगळवारी ते जिन्यातून येता-जाता तेच वाक्य घोकत होते, आणि तीच चूक करत होते. खालून सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. मी दारातच होतो. सेक्रेटरी एका पायरीवर थांबले. आधी त्यांचे कान लाल झाले.

"काय म्हणालास?"

वडिलांनी आनंदाने पुन्हा म्हटलं.

"विसरत. स, सशाचा स," सेक्रेटरी म्हणाले. "हे बघ, तुला लोकांना बाटवायचं असेल तर बाटव. पण शुद्ध मराठीत बाटव."

कोणालाही हा अपमान वाटला असता. वडील दोन पायऱ्या खाली उतरले आणि म्हणाले, "सर, मग तुम्ही शिकवाल?"

निवृत्त झाल्यापासून सेक्रेटरींना कोणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनीसुद्धा नाही. ते दुधाची पिशवी धरून तसेच उभे राहिले, आणि मग फार रागाने म्हणाले की संध्याकाळी पाचला या, उशीर चालणार नाही.

पाचला शिकवणी सुरू झाली. सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी 'ळ'ची परीक्षा घेतली, नापास करायच्या तयारीनेच. आता तेलुगूत ळ आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. वडिलांच्या तोंडून 'कमळ, बाभूळ, कावळा' असे एकेक स्वच्छ ळ गळायला लागले तसे सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर मला गाठून म्हणाले की आपल्या सोसायटीतल्या एकाही पोराला असा ळ म्हणता येत नाही, हा देशाचा प्रश्न आहे. धर्मांतराचा विषय त्यांनी काढला नाही. गुरुवारी त्यांच्याकडे वडिलांसाठी खास कोकम सरबत आणलेलं होतं, आणि जोडीदारासाठी बसायला एक पाट.

अडचण अशी झाली की पाच ते सहा वडील शुद्ध मराठी शिकत आणि सहा ते सात आमच्या आईकडे सोलकढी पिता पिता मालवणी. त्यामुळे ते 'आपण कुठे गेला होतात' असं सुरू करून 'आता खंय चल्लात' असं संपवायला लागले. त्यात सेक्रेटरींनी शुक्रवारी त्यांचं संपूर्ण भाषण स्वतः नव्याने रचून दिलं. त्यात 'परोपकारार्थ देह झिजवणे' होतं, 'निःस्वार्थ वृत्तीचा परिपोष' होता. वडिलांनी एका रात्रीत ते पाठ केलं, एकाही शब्दाचा अर्थ न कळता. शनिवारी आमच्याकडे उभं राहून त्यांनी ते सगळं धडाधड म्हणून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. भाषण संपेपर्यंत ती थांबली आणि काळजीने म्हणाली, "कोण वारलो रे?"

तेव्हा मी पहिल्यांदा वडिलांचा चेहरा उतरलेला पाहिला. दारातले सगळे नकार ज्याने हसत घेतले, तो मुलगा आमच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ टायशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की काका, विषय सेवेचा आहे, आणि माझ्याकडे सांगायला एकही उदाहरण नाही. इथे मला कोणी सेवा करूच दिली नाही. दोन वर्षांतलं एक वर्ष गेलं. आईला फोनवर मी दर सोमवारी सांगतो की खूप काम चाललंय.

जोडीदार छताकडे बघत होता. आईने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, पेला भरला आणि त्याच्या हातात दिला.

"खरां काय तां सांग," ती म्हणाली. "खरां सगळ्यांका कळता."

रविवारी आम्ही सगळे गेलो. मी, आई, सेक्रेटरी, शिवाय 'चोर, चोर' ओरडलेल्या बाई, कारण त्यांना वाटलं आपण नाही गेलो तर बरं दिसणार नाही. एका कोचिंग क्लासच्या वर साधासा हॉल होता. ना क्रूस, ना मेणबत्त्या, फक्त खुर्च्या, एक पियानो आणि स्वच्छ कपड्यातली कुटुंबं. मध्येच ब्रेडचे बारीक तुकडे फिरवले गेले. आईने प्रसाद म्हणून कपाळाला लावून एक खाल्ला आणि दुसरा शेजारणीसाठी रुमालात बांधला. सेक्रेटरी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. स्वतःच्या पोराची दहावी असावी तसे.

वडील उभे राहिले. 'परोपकारार्थ' असं म्हणून थांबले. सेक्रेटरींचे ओठ पुढचा शब्द पुरवायला हलले. वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि आपल्या भाषेत सुरू केलं.

"मी इथे सेवा करायला आलो. आमच्या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यांना विचारलं, काही काम आहे? सगळे म्हणाले, नको. मला वाईट वाटलं. पण माझं मराठी चुकलं तेव्हा सरांनी रोज मला वेळ दिला. आजीने रोज माका सोलकढी दिली. मी त्यांचं एक काम केलं नाही. त्यांनी माझी सेवा केली, आणि त्यांना ठाऊकपण नाही. माझी आई लांब आहे. मला वाटत होतं, तिकडे ती माझी आठवण काढते आणि इकडे मी कोणाचा नाही. तसं नाही. देव कोणालाही..."

इथे ते थांबले. आमची अख्खी रांग श्वास रोखून बसली होती.

"...विसरत नाही."

त्यांच्या सभेत टाळ्या वाजवत नाहीत. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता, कारण सेक्रेटरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटेच, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, मॅच जिंकल्यासारखे. मग भाजीच्या पिशवीवाल्या बाई उठल्या, मग मी, मग मागचे ते आजोबा, आणि मग सगळा हॉल. त्यांचे वरिष्ठ आधी गोंधळले आणि नंतर तेही वाजवायला लागले. जोडीदार हसत होता. त्याचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. घरी येताना रिक्षात सेक्रेटरी मला म्हणाले, "'माका' म्हणाला, ऐकलंत ना?" आणि रिक्षाबाहेर बघत डोळे पुसले. "बाकी ळ मात्र झकास."

वडिलांना हैदराबादला पाठवायचा विषय संपला. उलट, मराठी इतकी चांगली आहे म्हणून दोनच महिन्यांनी त्यांची नागपूरला बदली झाली. या मिशनऱ्यांना एका जागी फार काळ ठेवत नाहीत, हे आम्हाला तोवर कुठे माहीत होतं. सकाळी बॅग घेऊन ते निरोप घ्यायला आले. आईने त्यांना दारातच उभं केलं, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या आणि त्यांच्यावरून ओवाळत पुटपुटायला लागली. वडिलांना वाटलं प्रार्थना चालली आहे. त्यांनी बॅग खाली ठेवली, छातीशी हातांची घडी घातली, डोळे मिटले आणि मान खाली घालून अगदी शांत उभे राहिले.

आईने दृष्ट काढून संपवली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमेन."

त्या शब्दाचा अर्थ आईला ठाऊक नव्हता. ते बॅग उचलून खाली उतरले तरी ती मूठ तशीच घट्ट धरून जिन्याकडे बघत राहिली, आणि खालचं फाटक वाजल्यावर मग मिरच्या विस्तवात टाकायला आत गेली.