मुखिया शेवटी बोलतो

बल्लारपूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेलर मास्टरांचं दुकान होतं. मुलगा बोत्सवानात वेल्डर, त्यामुळे गळ्यात टेप अडकवून ते येईल त्याला तोच देश सांगत. "चहूकडून जमीन, समुद्र नाई. माणसाईपरीस गायी जास्त. जमिनीत हिरे, पन पाण्याले मोताद. राष्ट्रपती हाय, पन गावचा न्याय गावातच, झाडाखाली. आधी सगळे बोलते, मुखिया शेवटी."

"मास्टर, माझा ब्लाउज बोत्सवानाले धाडला काय?" माझी बायको विचारायची.

"विमानात बसून राह्यला, बाई. येतेच."

ती गेली त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असे. जो तो मला समजावत होता आणि मी नुसती मान हलवत होतो. एका दुपारी मास्टर आले आणि दाराशी गप्प बसून राहिले. बाकीचे उठून गेल्यावर जवळ सरकले.

"सगळे बोलले, भाऊ. आता तुमी बोला."

अंधार पडेपर्यंत मी तिच्याविषयी बोललो. त्यांनी एकदाही बोत्सवानाचं नाव काढलं नाही.

पुढे मुलाने त्यांना तिकडे नेलं. त्यानंतर 'आता तुमी बोला' असं मला कोणी म्हटलेलं नाही.