बुरखेवाल्यांसाठी दुगुन

"बघा, बघा. आरक्षण दिलं की असं होतं."

डॉक्टरकाका बोलले आणि सगळं तळघर हसलं. पडद्यावर शंभरेक वर्षांपूर्वीचा अमेरिकन मूकपट चालू होता. गुलामीतून सुटलेले काळे लोक निवडून येऊन विधानसभेत बसलेत. आणि दिग्दर्शकानं त्यांना काय करताना दाखवलंय, तर बूट काढून पाय टेबलावर टाकलेत. कोंबडीची तंगडी चावताहेत. बाटली तोंडाला लावताहेत.

मी पडद्याशेजारी बसून तबला वाजवत होतो. माझेही हात चालूच राहिले.

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातलं डॉक्टरकाकांचं घर. हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. मराठी मंडळात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांची हौसच भारी. मूकपट दाखवायचा तर त्याचं संगीत बंद करायचं आणि जुन्या थेटरात वाजवायचे तसं आपल्या माणसांनी समोर बसून वाजवायचं. पेटीवर नितीन, तबल्यावर मी. सुरुवातीलाच काकांनी सांगितलं होतं, "सिनेमाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. विचार वाईट, मान्य. आपण कला बघायची."

आमचं आडनाव चार जातींत सापडतं. कुणी गाव विचारलं की मी तालुक्याचं नाव सांगायचो. वस्ती सांगायची नाही, हे बायकोचं आणि माझं ठरलेलं होतं. मुलीची शनिवारची मराठी शाळा मंडळाची, मैत्रिणी मंडळातल्या. मंडळ तुटलं तर तिचं सगळंच तुटणार.

मी आरक्षणातून इंजिनिअर झालो. माझे वडील जयंतीच्या मिरवणुकीत ढोलकी वाजवायचे. माझा हात त्यांच्याकडून आलेला. त्या हातानं मी मान खाली घालून केरवा वाजवत होतो आणि माणसं माझ्यावर हसत होती. त्यांना ते माहीतही नव्हतं. तरी बसून राहिलो.

मग घोडेस्वार आले. पांढरे झगे, तोंडावर पांढरे बुरखे. काळ्यांना ठेचायला निघालेली टोळी, आणि सिनेमात तेच हीरो. काका माझ्याकडे वाकले. "आता दुगुन घ्या, दुप्पट लय. घोडे उधळले पाहिजेत."

मी घेतली. सवयीचे हात. घोडे खरंच उधळले. माणसं खुर्चीत पुढं सरकून बसली. माझी नऊ वर्षांची पोर समोर सतरंजीवर होती. ती ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. त्या बुरख्यांसाठी.

"बाबा, फास्टर!"

माझे हात थांबले.

पेटी थोडी पुढं गेली, मग तीही थांबली. पडद्यावर घोडे धावत होते, आवाज कसलाच नाही.

"काय झालं? तबला उतरला का?" काकांनी विचारलं.

"नाही. मी ह्या बुरखेवाल्यांसाठी वाजवणार नाही."

नितीन कुजबुजला, "यार, इतकं पर्सनली काय घेतोस? ओल्ड मूव्ही आहे."

"मी आरक्षणातून शिकलोय, काका. मघाशी तुम्ही हसलात ते मला."

काकू उगाच डब्यांची झाकणं लावायला लागल्या. काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही? पण तुम्ही तसे वाटत नाही हो."

कौतुकानं म्हणाले. हसण्यापेक्षा ते जास्त झोंबलं. मी तबला-डग्गा उचलला.

गाडीत पोरीनं विचारलं, "व्हाय डिड यू स्टॉप? दे वेअर द गुड गाइज, राइट?"

मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि सांगायला लागलो. ते बुरखेवाले कोण होते. आपण कोण आहोत. आजोबांना पाणी वरून ओंजळीत का ओतायचे. मध्येच मी अडखळलो. बायको खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "आता अर्धवट नको. सगळं सांग."

पुढं काय व्हायचं ते झालं. गणपतीच्या कार्यक्रमाला तबल्यावर दुसराच माणूस होता. पोरीला दोन वाढदिवसांची बोलावणी आली नाहीत. ती रडली. माझं काळीज तुटलं, पण माघार घेतली नाही. दर शनिवारी मीच तिला शाळेत सोडतो. काका दारात असतात, मी त्यांच्या समोरून आत जातो. नव्या माणसानं गाव विचारलं तर आधी वस्ती सांगतो. तालुका नंतर.

वडिलांची ढोलकी भावाकडून मागवून घेतली. पोर म्हणाली, मला शिकव. पहिल्या दिवशी वाजवता वाजवता हात कसा थांबवायचा ते शिकवलं. ठेका त्यानंतर.