वरच्या बाईंचा रिपोर्ट

पोलादी पत्र्याच्या गोदामात छताखालून क्रेन पळते. तिच्या केबिनमध्ये बाई अकरा वर्षं बसत आल्या, म्हणून सगळे त्यांना वरच्या बाई म्हणत. खालचे हमाल पत्र्याच्या गुंडाळीला साखळी अडकवून हात दाखवायचे आणि बाई बारा टनांची गुंडाळी अशी अलगद टेकवायच्या, की जणू निजलेलं पोर पाळण्यात ठेवतायत.

गेल्या वर्षी सगळे घामाघूम असताना बाईंना थंडी वाजायला लागली. तोंड सुजरं, आवाज जाड, दुपारी डोळ्यांवर झापड. कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टीएसएच वाढलेलं, टी-फोर कमी. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे रसायन बनवते ते टी-फोर. तिनं कामात आळस केला, की मेंदूखालची दुसरी ग्रंथी तिला हाका मारते, त्या हाका म्हणजे टीएसएच. काम कमी, तेवढा आरडाओरडा जास्त. बाईंना पटलं, हमालांचा मुकादम तसाच होता.

टी-फोरचीच गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि पुढे पाऊण तास चहासुद्धा नाही. इथंच घोडं अडलं. पहिली पाळी सहाची. बाई साडेचारला उठायच्या आणि डोळे उघडायच्या आधी चहा लागायचा. त्यामुळे कामाच्या दिवशी गोळी डबीतच राहायची, रविवारी तेवढी पोटात जायची. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

“गोळीकडे नुसतं बघून बरं वाटतं का गं तुला?”

“रविवारी घेते ना, आई.”

“मग जेवणही रविवारीच करत जा.”

वर्षाची तपासणी जवळ आली. वर कोण बसणार, हे त्या रिपोर्टवर ठरायचं. बाईंना खाली यायचं नव्हतं. वरचा तो खुर्चीएवढा तुकडा त्यांचा स्वतःचा होता. तिथं कुणी हाक मारत नसे, कुणी काही मागत नसे. आता गोदामाची रीत अशी, की क्रेन बघायला साहेब यायचा म्हटलं की चार दिवस आधी दोरखंडाला ग्रीस, भोंग्याला फडकं, सगळं चकाचक. एरवी कोण बघतंय? बाईंनी अंगाचंही तेच केलं. तपासणीआधी चार दिवस रोज दोन-दोन गोळ्या घेतल्या, रक्त द्यायच्या सकाळीसुद्धा. चहा लांबवला, डोकं दुखलं, पण सोसलं.

रिपोर्ट आला. टी-फोर एक पूर्णांक सहा, म्हणजे झकास. टीएसएच अडतीस. असायला हवं चारच्या आत.

डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. म्हणाले, या दोन आकड्यांचं एकमेकांशी जमत नाही. मग त्यांनी फिटनेसचा कागद पुढे ओढला. टी-फोर चांगलं आहे, टीएसएचसाठी डोस थोडा वाढवतो आणि तुम्हाला वर पाठवतो, असं म्हणत त्यांनी पेन उघडलं.

“गोळी रोज घेता ना?”

नुसतं हो म्हणायचं होतं. बाईंच्या ओठांवर आलंही होतं. पण खालचे हमाल एका फेरीत काम उरकायला वीस टनांचं बारा टन सांगत, तेव्हा याच बाई त्यांचा केबिनमधून उद्धार करायच्या. खोट्या वजनावर डॉक्टर डोस चढवणार, आणि तो जादा भार उचलताना आपलंच काळीज धडधडणार, हे त्यांना कळलं.

“नाही घेत,” त्या म्हणाल्या. “चार दिवसांत भरून काढल्या.”

डॉक्टरांनी पेन मिटलं. रागावले नाहीत. गोळ्या पोटात गेल्या की टी-फोर चार दिवसांत वर येतं, पण टीएसएचच्या हाका इतक्या लवकर थांबत नाहीत, त्याला सहा आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. डोस तोच ठेवला. गोळी रात्री निजताना घ्या, जेवणानंतर तीन तास जाऊ द्या, मग सकाळी चहा खुशाल प्या, म्हणाले. आणि सहा आठवडे खाली.

बाई खाली आल्या. साखळ्या मोजायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. बाई, आता नाव बदलायचं का तुमचं, असं मुकादमानं विचारून घेतलं. वर बसलेला बदली गडी गुंडाळ्या आदळायचा, तेव्हा बाई दात खाऊन दुसरीकडे बघायच्या.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच पाच पूर्णांक दोन. टी-फोर एक पूर्णांक दोन. बाईंचं तोंड उतरलं.

“टी-फोर तर मागच्यापेक्षा घसरलं.”

“मागचं चार दिवसांचं होतं,” डॉक्टर म्हणाले. “हे तुमचं आहे.”

टीएसएच अजून जरा जास्त होतं, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी लिहून दिली. आदल्या रात्रीची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची, हेही बजावलं. मग फिटनेसच्या कागदावर सही केली.

मुकादम म्हणाला, उद्यापासून चढा. बाईंनी वर बघितलं. एक गुंडाळी तिरकी लोंबकळत होती. गड्याला ती हळू खाली ठेवायला सांगून त्यांनी चपला काढल्या, कामाचे बूट घातले आणि शिडीला हात घातला.