वीस दिवसांची वीज

जया ओव्हाळ टपाल खात्यात अठ्ठावीस वर्षं पत्रांची वर्गवारी करत होत्या. पत्ता अर्धवट असला की पोस्टमन त्यांच्याकडेच यायचे. निवृत्त झाल्यावर त्या सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. मुलगा चेतन तिथे सॉफ्टवेअर कंपनीत होता. घरामागच्या गवतात त्यांना गोचीड चावली. मांडीवर लाल वर्तुळ उठलं, ते गजकर्ण समजून त्यांनी मलम लावलं आणि कुणाला सांगितलं नाही. महिन्याभराने ताप आला, सांधे धरले. डॉक्टर म्हणाले, गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग. औषधांनी ताप उतरला, सांधे सुटले. डोकं मात्र धुरकटच राहिलं.

हडपसरला परतल्यावर त्यांचे यजमान संभाजीराव ते रोज पाहत होते. ‘चाळणी’ हा शब्द जयाबाईंना आठवेना. लहानपणापासून म्हणत आलेली बुद्धवंदना एका सकाळी मध्येच अडली.

“अहो, पुढचं सांगा ना,” हात जोडलेलेच ठेवून त्या म्हणाल्या.

संभाजीरावांनी सांगितलं आणि न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

चेतनने इंटरनेटवर शोधून पुण्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंचं नाव कळवलं. कपाळावर ओले स्पंज बांधून त्या मेंदूला अगदी सौम्य वीज देत. बाई सरळ बोलल्या. “या आजारानंतर याने गुण येतोच, असं मी सांगणार नाही. अभ्यास फार थोडे झालेत. करून बघू.”

वीस दिवस दोघं बसने जात होते. कपाळाला मुंग्या येत आणि जयाबाई पडद्यावरचे आकडे लक्षात ठेवायची धडपड करत. स्मरणशक्तीच्या शेवटच्या चाचणीत गुण वाढले. चेतन फोनवर आनंदाने ओरडलाच. पण त्याच आठवड्यात कोथिंबीर आणायला गेलेल्या जयाबाई भलत्याच इमारतीच्या जिन्यात बसलेल्या सापडल्या.

“गुण वाढले ना, मग?” संभाजीरावांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“सरावानेही वाढतात, काका.”

“मग आता काय करायचं?”

“थोडे महिने थांबू.”

रविवारी चेतनचा फोन आला. “पप्पा, अजून एक कोर्स करू या.”

जयाबाईंनी फोन मागून घेतला. “नको रे, मला आता खूप बरं वाटतंय,” त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या. “त्याला तिथे बसून काय करता येणारे? उगाच झुरेल. मला कळतं हो सगळं. फक्त नेमकं हवं तेव्हा डोक्यात सापडत नाही.”

संभाजीरावांनी त्यांचा हात धरून ठेवला.