मास्तरांचा ब्रेक

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी थांबवायला शिकवलं. चालवायला नव्हे, थांबवायला. नवा विद्यार्थी आला की ते त्याला आधी गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर नेत, वेग घ्यायला लावत आणि मध्येच, चहा मागावा इतक्या शांतपणे म्हणत, "समोर पोर आलं." समोर काहीच नसे. विद्यार्थी घाबरून ब्रेकवर जवळजवळ उभाच राही, गाडी करकचून थांबे आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणत, "वाचलं. आता पुन्हा." पोर दर वेळी वाचू लागेपर्यंत मोठ्या रस्त्याचं नाव निघत नसे.

जुनी गाडी भंगारात गेली, तेव्हा मास्तरांनी इंटरनेटला जोडलेली नवी घेतली. शोरूममध्ये तिच्या पडद्यावर लांबलचक मजकूर आला, खाली 'मान्य' असं बटण. मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता. सगळेच दाबतात, असं विक्रेता म्हणाला. मास्तरांनीही दाबलं. आरशात बघितल्याशिवाय वळू नका, असं जन्मभर सांगणारा माणूस तेवढा एकदाच न बघता वळला.

गाडी बोलकी निघाली. विद्यार्थ्याची नजर गिअरकडे गेली की ती म्हणे, रस्त्याकडे लक्ष द्या. सारखे ब्रेक लागले की म्हणे, थोडी विश्रांती घ्या. फुकटची मदतनीस मिळाली म्हणून मास्तर खूश. बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुमच्यावर ठेवली नाही तेवढी नजर ठेवते हो ही." मास्तर हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मग विम्याचं नूतनीकरण आलं आणि कंपनीने नकार कळवला. विमा नाही तर शिकवणीचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर मास्तर म्हणजे नुसते घरात पायात घुटमळणारे एक गृहस्थ. ते तडक विमा कचेरीत गेले. काउंटरवर त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने संगणक त्यांच्याकडे वळवला. गाडी बनवणाऱ्यांनी गाडीतली सगळी माहिती विमावाल्यांना विकली होती. नकाशावर गोदामामागचा रस्ता लाल ठिपक्यांनी भरून गेला होता, गोवर उठावा तसा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक करकचून ब्रेक. वर मास्तरांचं नाव आणि शेरा: अतिधोकादायक चालक.

"मास्तर, यातला एकही तुमचा नाही, हे मला ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "मीही तिथेच ब्रेक मारलेत."

"मग लिही की तसं."

"लिहायला जागाच नाही हो. यात फक्त मालक दिसतो."

दुसऱ्या कंपन्यांकडे जाऊन उपयोग नव्हता, माहिती त्यांनीही विकत घेतली होती. तक्रार केली तर लगेच आभाराचा संदेश आला आणि पुढे काहीच आलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, माहिती पाठवणं बंद करता येतं, पण मग विमावाले विचारणार, लपवताय काय? शेवटी त्या मुलीनेच खटपट करून थोड्या दिवसांचा विमा मिळवून दिला. तेवढ्या दिवसांत चालक म्हणून मास्तरांना गाडीकडून मिळणारे गुण सुधारले तरच पुढचा मिळणार होता.

त्या रात्री जेवताना बायकोने विम्याचं काय झालं विचारलं, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, की पोर आता येणार नाही.

आणि खरंच आलं नाही. मास्तर विद्यार्थ्यांना लांबच्या गुळगुळीत रस्त्याने नेऊ लागले, सावकाश, काचेची बरणी मांडीवर घेतल्यासारखे. गाडी ऐकत असेल म्हणून गप्पा बंद, टिंगल बंद. गुण चढत गेले. विमा पक्का झाला. काउंटरवरच्या मुलीने पेढे मागितले, मास्तरांनी मान डोलावली.

परवा एका नव्या विद्यार्थिनीने शेवटच्या दिवशी विचारलं, "मास्तर, तुमचा तो ब्रेकचा धडा कधी? बाबा सांगत होते, त्याच्याशिवाय तुम्ही कोणाला सोडत नाही."

मास्तरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. "बाबांकडूनच शिकून घे," ते म्हणाले. "त्यांना मी शिकवलंय."

"त्यांना आता नीट दिसत नाही. गाडी कधीच सोडली त्यांनी."

ती उतरली आणि दार लोटून, पोरांनी गजबजलेल्या गल्लीतून घराकडे गेली. उद्यापासून ती तिथेच गाडी काढणार होती. पडद्यावर शाबासकीचं हिरवं पान उमटलं आणि गाडी गोड आवाजात म्हणाली, आजचं वाहनचालन उत्कृष्ट.