माझ्या हातानं निवडलेले तांदूळ

प्लास्टिक मला कळतं, असं मी सतरा वर्षं छातीठोकपणे सांगत आले. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मी माल तपासायला आहे. मशीनमधून टोपणं, बटणं, पंख्याचे बारीकसारीक भाग पडतात. ते टेबलावर पसरायचे आणि खराब निघालेले बाजूला काढायचे, हे माझं काम. कडेला धार राहिली, रंग फिका उतरला, की रिजेक्ट. नव्या पोरी आल्या की सुपरवायझर त्यांना माझ्या शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. ते ऐकून मी फुगायचे. खोटं कशाला बोलू, फुगायचेच.

लेकीला पहिल्या बाळंतपणाला सातव्यात आणायचं ठरलं होतं. पण तिला सासरी अन्नच जाईना, सारखं उलटायचं, म्हणून मी पाचव्यातच तिला घेऊन आले. तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. पोरगी माझ्याकडे दोन घास सुखानं खाईल, दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

आमच्या कॉलनीत विहारातल्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. पौर्णिमेचा कार्यक्रम, कुणाचं लग्न, कुणाची मयत, हे सगळं त्यावर येतं. आणि बाकी दिवसभर विषाच्या बातम्या. डाळिंबाला सुईनं रंग भरतात, दुधात साबण असतो, अमक्या तेलानं रक्त गोठतं. पाठवणारी आपलीच, रोज दारात दिसणारी बाई, मग खोटं कसं असेल? मीही वाचायचे आणि पुढच्या चार जणींना पाठवायचे. असंच एकदा रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात असा व्हिडिओ आला. एक माणूस भाताचा लाडू वळून फरशीवर आपटत होता आणि लाडू चेंडूसारखा उडत होता.

मी लगेच उठून रेशनचे तांदूळ ताटात पसरले. बघते तर खरंच, मध्ये मध्ये वेगळे दाणे. जरा पिवळट, आरपार न दिसणारे, आणि सगळे एका मापाचे. शेतातला दाणा एका मापाचा नसतो. मी एक दाणा चिमटीत धरून खिडकीशी नेला आणि मला शंकाच उरली नाही. हा मशीनमधून निघालेला माल होता. भाताचा लाडूही करून पाहिला, तोही उडाला. कुठल्याही भाताचा उडतो, हे तेव्हा कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

त्या दिवसापासून कामावरून आले की मी ताट मांडीवर घ्यायचे आणि तसला एकेक दाणा वेचून काढायचे. तांदूळ तर आम्ही नेहमीच निवडतो, खडे काढतो, पण हे निवडणं वेगळं होतं. डोळ्यांत तेल घालून करायचे. लेक म्हणायची, आई, दमून आलीस, राहू दे ना. मी म्हणायचे, तुझ्या पोटात एकसुद्धा जाता कामा नये. शेजारणी आपापली ताटं घेऊन यायच्या, मी त्यांना दाणा ओळखायला शिकवायचे. एकीनं माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, प्लास्टिकच्या कंपनीत काम करणाऱ्या ताई काय सांगतात ते ऐका.

आशाताई, म्हणजे सरकारी दवाखान्याची आशा सेविका, आमच्याच गल्लीतली. तिनं लेकीला रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. लेकीनं थोडे दिवस घेतल्या, तर शौचाला काळं व्हायला लागलं. तेवढ्यात ग्रुपवर आलंच, या गोळ्यांनी आतून सडतं, बाळ काळं निपजतं, सगळं मुद्दाम चाललंय. मी गोळ्या बंद केल्या. आशाताई विचारायला आली. म्हणाली, ताई, लोहानं काळं होतंच, घाबरू नका. आणि ते दाणे फेकू नका, त्यात पण लोह घातलेलं असतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, तू मला प्लास्टिक शिकवू नकोस, बाई. तुला गोळ्या वाटायचे पैसे मिळतात म्हणून बोलतेस. तिचं तोंड एवढंसं झालं. ती परत आमच्या दारात आली नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

लेक पांढरी पडत चालली होती. जिना चढताना मध्येच बसायची. पाटीवरच्या पेन्सिली मागवून कटाकटा खायची आणि आम्ही हसायचो. डोहाळे आहेत म्हणून मीच दुकानातून डबी आणून दिली. अंगात रक्त नसलं की असली खा-खा सुटते, हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळलं.

आठव्या महिन्यात ती मोरीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तोवर बाळाची हालचाल थांबलेली होती. तिला रक्ताच्या पिशव्या लावल्या आणि ती वाचली. मुलगा होता. मी त्याला कापडात गुंडाळलेलाच पाहिला. डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं विचारलं, मावशी, हिला गोळ्या मिळाल्या नव्हत्या का? मी तिला सगळं सांगितलं, तांदळाचंही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, तो दाणा मशीनमधूनच काढतात मावशी, तेवढं तुम्ही बरोबर ओळखलंत. तांदूळ दळून त्या पिठात लोह मिसळतात आणि परत दाणा पाडतात. नुसत्या तांदळानं एवढं झालं नसतं. पण गोळ्या बंद करायला नको होत्या.

घरी आल्यावर पहिल्यांदा ग्रुपवर खरं ते सांगितलं. माझं चुकलं, तो दाणा खा, गोळ्या घ्या, असं स्वतःच्या आवाजात बोलले.  मग शेजारीण घरी येऊन माझा हात धरून म्हणाली, तुम्हाला दवाखान्यात दम दिला असेल, आम्ही समजू शकतो. महिन्याभरानं कंपनीत डबा खाताना एकीनं मला तिच्या फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. नाशिकच्या एका बाईच्या लेकीचं बाळ रेशनचा प्लास्टिक तांदूळ खाऊन पोटातच गेलं, सावध राहा. मी म्हटलं, अगं, ती बाई मी, आणि हे खोटं आहे.  ती म्हणाली, ताई, तुमच्यावर काय ओढवलंय ते कळतं मला. आणि तिनं तो मेसेज पुढं पाठवला. माझ्या समोर पाठवला. मी हात टेकले.

लेकीला मात्र मी काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नाही. दवाखान्यात ती अर्धवट शुद्धीत होती, नंतर सव्वा महिन्यानं सासरी गेली, आणि फोनवर असलं काय बोलणार? परवा जावयाचा फोन आला, तिला पुन्हा दिवस गेलेत, दृष्ट नको म्हणून इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं. तो बोलता बोलता म्हणाला की ती सरकारी काही घेत नाही. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या विकत घेतल्या आणि एसटीनं तिचं सासर, नांदगाव गाठलं.

विहीणबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, पोरीला लय जपतो आम्ही, दाणा न् दाणा बघून घेतो. मी लेकीला आतल्या खोलीत नेलं आणि जे वर्षभर गिळून ठेवलं होतं ते सगळं बोलले. गोळ्या मी बंद केल्या, तुझं बाळ माझ्यामुळं गेलं, असं अगदी याच शब्दांत बोलले. मला वाटलं ती ओरडेल, घराबाहेर काढेल. मी त्याच्या तयारीनंच गेले होते.

तिनं माझे डोळे आपल्या पदरानं पुसले. म्हणाली, आई, असं स्वतःला लावून घेऊ नको. तू इतकं केलंस माझ्यासाठी. एखादा दाणा राहून गेला असेल तुझ्याकडून, माझ्या मनात काही नाही.

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले, तशी ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आजारी माणसाच्या फिरवतात तसा. गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं तर तिनं ते हळूच माझ्या पिशवीत परत ठेवलं. तिचे ओठ पांढरे होते. तिला सहावा लागला होता.