यंत्राला न कळलेलं ‘नाई’

तेव्हा मी चंद्रपूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळायचो. शहरातून आलेला एक दीडशहाणा तज्ज्ञ आमच्या उरावर नवी प्रणाली बसवून गेला. नमुन्याची नोंद, तपासणी, अहवाल, अशी एकेका कामाची छोटी अवजारं तिच्यात होती. एकाचं काम संपलं की ती दुसऱ्याला जुंपायची. पण चालायची सगळी चंद्रपूरच्या त्या एकाच यंत्रावर.

“भामरागडचे नमुने इथे आणा की,” तज्ज्ञ म्हणे! अरे बाबा, पावसाळ्यात भामरागडचा रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. पाण्यातले जंतू काय एसटीची वाट बघत बसतील? उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय येतं यांना!

शेवटी मीच प्रणालीला जोड लिहिली, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तपासणीचं अवजार भामरागडच्या जुन्या संगणकावर चालायचं आणि फोन लागेल तेव्हा उत्तर आमच्याकडे यायचं. दहा मिनिटं उत्तर आलं नाही की मूळ प्रणाली काम मेलं म्हणून मोकळी व्हायची. मी तिला चार-चार दिवस थांबायला शिकवलं. पाणी पिण्याजोगं आहे का, याचं उत्तर तिथल्या तपासणीवाल्या बाई इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत टाकायच्या. तज्ज्ञाच्या नाकावर टिच्चून चाललं सगळं! मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो.

बाई तिथल्याच, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्या पावसात त्यांनी आपल्याच वस्तीतल्या हातपंपाचं पाणी तपासलं. आमच्या पडद्यावर हिरवा शेरा उमटला. मीच पंचायतीला फोन करून सांगितलं, खुशाल प्या.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. “भाऊ, मी तं नाई लिवलं होतं. तुमी प्या काऊन म्हनलं? म्या पंपाचा दांडा जाळ्याच्या दोरानं बांधला, मायले तिथी बसवलं. लोकं तिले शिव्या देऊन राह्यले. म्हनतात, चंद्रपूरची मशीन खोटी अन् तुमीच शहाण्या का?”

मी जोड उघडली. ‘नाही’ आलं तरच लाल, बाकी काहीही आलं तर हिरवं, असं माझ्याच हातानं लिहिलेलं. बाईंनी बोलतात तसं ‘नाई’ टाकलं होतं, मधला एच नव्हता. लाज वाटली हो. पुण्यात दोन वर्षं काय काढली, मला शुद्ध मराठीचा माज चढला होता.

“चूक माझीच आहे, बाई. आत्ता पंचायतीला सांगतो.”

“सांगा लवकर. मायले कोनी ढकललं तं?” मग म्हणाल्या, “भाऊ, तुमी इकडल्या सावली गावचेच ना? घरी काय म्हनता, ‘नाही’ का ‘नाई’?”

“नाई,” मी म्हणालो.